जुन्या कॉम्प्युटरच्या वायरी घेताना

दसरा-दिवाळीची झाडलोट निघाली की माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली येतो आणि प्रश्न निघतो, "हा आता भंगारात द्यायचा ना?" मैत्रिणींनो, देण्यापूर्वी जरा थांबा. मुलांच्या बारशाचे, मुंजीचे, सासूबाईंच्या साठीशांतीचे फोटो कदाचित त्यातच असतील. ते बाहेर काढायला पुष्कळदा एक योग्य वायर पुरते. मात्र चुकीची वायर आणली तर पैसे जातात, आणि चुकीचा अडॅप्टर लावला तर वस्तूच जाते.

म्हणून पहिला नियम असा: तोंड जुळलं म्हणजे काम जुळलं, असं समजू नये. वायरीतून काय जातं आणि कुठून कुठे जातं, हे आधी पाहावं.

पडद्याची वायर: तीन ओळींत 15 पिना, बहुधा निळं तोंड आणि दोन बाजूंना स्क्रू, ही व्हीजीए. ही पद्धत 1987 साली आली. आताच्या टीव्हीला चपटं, बिनस्क्रूचं एचडीएमआय असतं. व्हीजीएमधून चित्र लाटेसारखं चढउतारानं जातं, एचडीएमआयमधून आकड्यांच्या रूपात. त्यामुळे एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते, अशी साधी वायर कामाची नाही. मध्ये रूपांतर करणारी छोटी डबी, म्हणजे कन्व्हर्टर लागतो. त्यातही दिशा महत्त्वाची. "व्हीजीए टू एचडीएमआय" आणि "एचडीएमआय टू व्हीजीए" या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकीचं काम दुसरी करत नाही. पहिलं नाव ज्यातून चित्र निघतं त्याचं. जुना कॉम्प्युटर टीव्हीला जोडायचा तर "व्हीजीए टू एचडीएमआय" मागा. व्हीजीएतून आवाज जात नाही, तेव्हा डबीला आवाजाची वेगळी वायर आहे ना, तेही बघून घ्या.

कीबोर्ड आणि माऊस: गोल तोंड आणि आत सहा बारीक पिना असतील, तर ती पीएस-टू. जांभळं तोंड कीबोर्डचं, हिरवं माऊसचं. हे नेहमी कॉम्प्युटर बंद करूनच काढावं-घालावं. पिन वाकडी होईल इतका जोर लावू नये. असा जुना कीबोर्ड नव्या यंत्राला लावायचा असेल, तर स्वस्तातली साधी जोडपिन बरेचदा चालत नाही. आत सर्किट असलेला कन्व्हर्टर मागावा.

प्रिंटर: जुन्या प्रिंटरच्या वायरीला कॉम्प्युटरकडे 25 पिना असतात आणि प्रिंटरकडे रुंद तोंड. त्यासाठी यूएसबीची वायर मिळते, पण ती प्रिंटरपुरतीच. जुना स्कॅनर तिच्यावर बहुधा चालत नाही. शिवाय नव्या कॉम्प्युटरला त्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी विचारावं. नाहीतर वायर आली आणि प्रिंटर मुका, असं व्हायचं!

आता मुख्य गोष्ट, फोटोंची: कॉम्प्युटर सुरूच होत नसला तरी आतली हार्ड डिस्क शाबूत असू शकते. ती जाणकाराकडून काढून घ्या आणि तोंड पाहा. दोन ओळींत 40 पिना असतील तर ती आयडीई. इंग्रजी एल अक्षरासारख्या दोन चपट्या खाचा असतील तर साटा. त्याप्रमाणे "यूएसबीला जोडायचा अडॅप्टर" घ्यावा. साडेतीन इंची मोठ्या डिस्कला यूएसबीची वीज पुरत नाही, 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा सोबत लागतो. तो खोक्यात आहे ना, हे दुकानातच पाहा. लॅपटॉपमधल्या अडीच इंची डिस्कला बहुधा त्याची गरज पडत नाही. डिस्क खटखट वाजू लागली तर मात्र ताबडतोब बंद करा. पुन्हा पुन्हा चालवून पाहण्यात असलेले फोटोही जातील.

विजेचा अडॅप्टर: इथे चूक महागात पडते. गोल पिन बसली म्हणून कुठलाही अडॅप्टर लावू नये. 12 व्होल्टच्या वस्तूला 19 व्होल्टचा लावला तर ती जळू शकते. व्होल्टचा आकडा तोच हवा, अँपिअरचा तेवढाच किंवा जास्त चालतो, कमी नको. छापलेल्या गोलाच्या चित्रात मधल्या ठिपक्याला अधिक आहे की उणे, हेही दोन्हीकडे सारखं हवं.

कुकरची रिंग आणायला जाताना आपण जुनी रिंग पिशवीत टाकतोच की नाही? तसंच इथेही करा. जुनी वायर सोबत न्या, दोन्ही यंत्रांच्या मागच्या बाजूचा मोबाईलवर फोटो काढा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, पुण्याची तपकीर गल्ली असो की गावातलं कोपऱ्यावरचं दुकान, असा फोटो दाखवला की वेळ वाचतो. चालली नाही तर परत घ्याल ना, हेही विचारून ठेवा.

घरी आल्यावर प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नाव लिहा. फोटो दोन ठिकाणी उतरवून, उघडून पाहा. मगच डिस्क पुसून घेऊन कॉम्प्युटर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. माळा मोकळा होईल, आणि आठवणीही घरातच राहतील.