जंगलातली झोप

गेल्या हिवाळ्यात एक जुने पेशंट दवाखान्यात आले. वय पन्नाशीच्या पुढे, नोकरी बँकेत. आठवड्यातून दोन-तीनदा झोपेची गोळी घेतल्याशिवाय त्यांचा डोळा लागत नसे. त्या दिवशी मात्र चेहरा टवटवीत होता. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मुलांच्या हट्टापायी मेळघाटात सेमाडोहला तीन रात्री राहून आलो. गोळ्यांची डबी घरीच विसरली, पण साडेनऊला जांभया आणि पहाटे आपोआप जाग! आल्यापासून एकही गोळी घेतली नाही. आता ब्लडप्रेशरचीही बंदच करतो."

मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब निघाला 168/104!

या गृहस्थांची झोप खरी होती आणि वाढलेला रक्तदाबही खरा होता. जंगलात मन शांत होते यात शंका नाही. पण ती शांतता कशातून येते आणि कुठवर पुरते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आपल्या मेंदूत झोपेचे घड्याळ असते. अंधार पडला की मेलाटोनिन नावाचे संप्रेरक स्रवू लागते व शरीर झोपेच्या तयारीला लागते. घरात ट्यूबलाइट, टीव्ही आणि मोबाइल यांच्या उजेडामुळे हे घड्याळ मागे पडते. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या संशोधकांनी आठ जणांना आठवडाभर डोंगरात तंबूत ठेवले. बॅटरी नाही, मोबाइल नाही. दिवसा सूर्यप्रकाश आणि रात्री फक्त शेकोटी. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्यांचे झोपेचे घड्याळ सुमारे दोन तास अलीकडे आलेले आढळले. माणसे थोडीच होती, पण सेमाडोहच्या जांभयांचे कारण मला त्यात दिसते.

म्हणजे औषध आहे ते दिवसाच्या उजेडात, रात्रीच्या अंधारात, चालण्यात आणि शांततेत. आपण मात्र नेमके तेच टाळून जंगलात जातो. 1973 साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. इतके मोठे वैभव आपल्या दाराशी आहे. पण आपण गाडीत मोठ्याने गाणी लावतो, वाघ दिसला नाही म्हणून गाइडवर चिडतो आणि रात्री बारापर्यंत पत्ते कुटतो. मग परतताना 'थकलो बुवा' म्हणतो. शहर बरोबर नेले, तर जंगल काय करणार? कोलकासला सिपना नदीकाठी संध्याकाळचा एक तास गप्प बसून पाहा. वाघ न दिसताही सहल सार्थकी लागेल.

निघण्यापूर्वी काही गोष्टी पाळा. रक्तदाब, मधुमेह व हृदयविकाराची औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा दोन दिवसांची जास्त घ्या. वनखात्याने ठरवून दिलेल्या जागीच मुक्काम करा. पाणी उकळून प्या. या भागात हिवताप जुनाच आहे; मच्छरदाणी न्या आणि परतल्यावर महिनाभरात थंडी-ताप आला, तर रक्त तपासून घ्या. जमिनीवर उघड्यावर झोपू नका. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश झोपेत कळतही नाही आणि पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात. मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचा. सकाळी बूट झटकून घाला, रात्री बाहेर पडाल तर बॅटरी घेऊनच. साप चावल्यास चिरा देणे, दोरी आवळणे, मांत्रिक शोधणे यात वेळ दवडू नका. रोग्याला न चालवता जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. प्रतिसर्पविष हाच त्यावर इलाज आहे.

आणि ज्यांना जाणे जमत नाही त्यांचे काय? इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या 2019 सालच्या पाहणीत, आठवड्याला एकूण दोन तास तरी झाडापेडांत घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती अधिक चांगली असल्याचे सांगितले. ज्याची प्रकृती ठीक तोच बाहेर पडतो, असेही असेल. पण सकाळी शेताच्या बांधावरून अर्धा तास फिरण्याला पैसा लागत नाही. रात्री नऊनंतर मोठे दिवे मालवा व मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. जंगलाची निम्मी रात्र घरातच मिळेल.

आमचे बँकवाले पेशंट आता रक्तदाबाची गोळी नियमित घेतात. झोपेची गोळी माझ्या सल्ल्याने सुटली आहे. टीव्ही साडेआठला बंद होतो. मुले कुरकुरतात म्हणे. त्यांना सांगितले आहे, पुढच्या हिवाळ्यात पुन्हा सेमाडोह. मात्र गोळ्यांची डबी पिशवीत सगळ्यात वर!