नाक दाबण्याचे राजकारण

नाक दाबले की तोंड उघडते, ही म्हण अमेरिकेत दोनदा आजमावून झाली आहे. बेकायदा स्थलांतरितांना हुडकून काढण्यात जी शहरे केंद्राला साथ देत नाहीत, त्यांचा केंद्रीय निधी रोखण्याचा हुकूम अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०१७ मध्ये काढला. सॅन फ्रान्सिस्कोचे केंद्रीय न्यायाधीश विल्यम ऑरिक यांनी तो अडवला. २०२५ मध्ये ट्रम्प पुन्हा अध्यक्ष झाले, पुन्हा तसेच हुकूम निघाले आणि त्याच न्यायाधीशांनी दावा लावणाऱ्या शहरांपुरते तेही रोखले.

ही शहरे कायदा धाब्यावर बसवतात, असा सरसकट समज आहे. तो खरा नाही. तुरुंगातून सुटणाऱ्या परदेशी माणसाला आणखी ४८ तासांपर्यंत अडकवून ठेवा, असे केंद्राचे स्थलांतर खाते स्थानिक तुरुंगाला कळवते. ही विनंती असते, न्यायाधीशाचे वॉरंट नव्हे. २०१४ मध्ये ओरेगॉनमधील केंद्रीय न्यायालयाने अशा विनंतीवरून एका महिलेला डांबून ठेवणाऱ्या काउंटीलाच दोषी धरले. म्हणजे विनंती केंद्राची आणि भुर्दंड स्थानिक करदात्याला!

शिवाय पोलिसांचाही एक हिशेब आहे. केवळ वास्तव्याचा दर्जा तपासण्यासाठी कोणावरही कारवाई सुरू करू नये, असा आदेश लॉस एंजलिसच्या पोलिसांनी १९७९ मध्येच काढला. त्यामागे निव्वळ भूतदया नव्हती. चौकीची पायरी चढली तर नवरा हद्दपार होईल, अशी जिला धास्ती आहे, ती बाई खुनाची साक्ष द्यायला पुढे येणार नाही. त्याचा फायदा गुन्हेगारालाच होतो.

दुसरी बाजूही पोकळ नाही. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका तरुणीचा गोळी लागून मृत्यू झाला. ज्याच्या हातून गोळी सुटली, त्याला पूर्वी पाच वेळा हद्दपार केलेले होते आणि केंद्राची विनंती असूनही स्थानिक तुरुंगाने त्याला सोडून दिले होते. ज्युरीने त्याला खुनाच्या आरोपातून मुक्त केले. पण अशा माणसाबद्दल साधी सूचनाही का दिली नाही, या प्रश्नाचे उत्तर शहराने आपल्या मतदारांना द्यायलाच हवे.

परंतु उत्तर मागणे वेगळे आणि उपाशी ठेवणे वेगळे. स्थानिक अधिकाऱ्यांना केंद्राने आपल्या कामाला जुंपू नये, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये दिला. तो लिहिणारे न्या. अँटोनिन स्कालिया कट्टर उजव्या विचारांचे होते. दावा बंदूक नियंत्रणाच्या कायद्याविरुद्ध दोन शेरिफांनी लावला होता. आज उदारमतवादी शहरे त्याच निकालाच्या आडोशाला उभी आहेत.

निधीला अटी घालताच येत नाहीत, असे नाही. मद्यपानाचे वय २१ न करणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी ५ टक्क्यांनी कापण्याची अट न्यायालयाने १९८७ मध्ये मान्य केली. पण ती काँग्रेसने घातलेली होती, स्पष्ट होती आणि रस्त्यावरच्या सुरक्षिततेशी निगडित होती. उलट २०१२ मध्ये, वैद्यकीय साहाय्याची योजना वाढवा, नाहीतर तिचा सगळाच पैसा बंद करू, ही ओबामांच्या आरोग्य कायद्यातील धमकी न्यायालयाने फेटाळली.

मर्यादा तिथेच आहे. केंद्राला सहकार्य हवे असेल, तर काँग्रेसने उघड चर्चा करून, संबंधित अनुदानापुरती अट घालावी. तिजोरीची किल्ली घटनेने काँग्रेसकडे दिली आहे; अध्यक्षांनी ती परस्पर फिरवू नये. आज टाळ्या वाजवणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की उद्याचा अध्यक्ष दुसऱ्या पक्षाचा असेल आणि बंदुकीचा कायदा न राबवणाऱ्या काउंटीचे नाक त्याच्या चिमटीत असेल.