गुणांची रेषा, शुल्काची भिंत
‘नीट’मध्ये खुल्या गटासाठी 50 पर्सेंटाइल ही केवळ पात्रतेची रेषा; ती ओलांडणे म्हणजे प्रवेश नव्हे. शासकीय महाविद्यालयांची दारे त्याहून खूप वरच्या गुणांनाच बंद होतात. मग लवळे येथील सिंबायोसिसच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयासारख्या अभिमत संस्थांकडे पालक वळतात. तेथे प्रवेश केवळ मुलींना असल्याने स्पर्धक कमी होतात, हे खरे. मात्र अभिमत संस्थांचे प्रवेश केंद्रीय समितीमार्फत देशभरातून होतात. राज्याचा 85 टक्के कोटा तेथे उपयोगी पडत नाही. नोंदणीलाच 2 लाख रुपये अनामत लागते, पुढे साडेचार वर्षांचे शुल्क असते. म्हणूनच पसंतीक्रम भरताना गतवर्षीच्या अखेरच्या प्रवेशाचे गुण पाहावेत, तितक्याच काटेकोरपणे घरचा ताळेबंदही तपासावा. अर्ध्यावर शुल्क थकण्यापेक्षा एक वर्ष थांबणे स्वस्त पडते.