पाटी मॉन्टेसरीची, पाठांतर आपले

‘शाळेत नुसते पाणी ओततात, कडधान्ये निवडतात, लिहायला केव्हा शिकवणार?’ ही पालकांची तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, मारिया मॉन्टेसरींनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. तिथे अशाच हातकामातून मुलांची बोटे लेखणीसाठी तयार झाली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत ही दृष्टी खेड्यातील बालकांपर्यंत नेली. आणि आज? दारावर मॉन्टेसरीची पाटी. आत बाके, गृहपाठ आणि तीन वर्षांच्या बाळाची परीक्षा! दोष केवळ शाळांचा नव्हे. पालकांच्या आग्रहापुढे आमच्या धर्मग्रामाच्या बालवर्गात आम्हीही मान तुकवली, हे कबूल करतो. पालकहो, बाळाच्या हातांना आधी काम द्या. अक्षरे मागाहून येतील.