गाव वसण्यापूर्वीची कादंबरी

ग्रामीण कादंबरीचा विचार करताना आपली समीक्षा गाव आधीच वसलेले आहे असे गृहीत धरते. पाटीलवाडा, चावडी, बलुतेदारी ही चौकट सिद्ध असते आणि संघर्ष तिच्या आत घडतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) तर गाव ओस पडण्यापाशी येऊन थांबते. रान मोडून गाव वसवणाऱ्यांची कादंबरी आपल्या अध्यापनात क्वचितच येते.

क्नूत हामसुन यांची 'ग्रोथ ऑफ द सॉइल' (मूळ नॉर्वेजियन, १९१७) या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. इसाक रानात एकटाच शिरतो आणि झोपडी उभारतो. पुढे ओठ दुभंगलेली इंगर तेथे येते आणि राहते. दोघांत प्रेमाचे शब्द जवळजवळ नाहीत. ती जाऊन गाय घेऊन परतते, हेच प्रणयनिवेदन! पुढे तसाच ओठ घेऊन जन्मलेल्या मुलीला ती मारते, तुरुंगात जाते. इसाक नांगर धरून राहतो. प्रेम आणि श्रम यांची अशी एकजीव वीण आपल्याकडे कोठे शोधावी?

माझ्या मते, नवेगावबांधला. १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात असलेल्या आणि आता गोंदिया जिल्ह्यात आलेल्या या गावचा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने बांधला, असे परंपरा सांगते. पुढे तोच कोलासूर देव झाला.

मात्र येथे हामसुनचे अनुकरण चालणार नाही. इसाक एकट्याने शेत काढू शकतो; धानाला पाणी देणारा बांध एकट्याने होत नाही. शिवाय झाडीपट्टीचे रान निर्मनुष्य नव्हते, तेथे गोंड होते. हामसुनच्या कादंबरीत रानातून ये-जा करणारे सामी लोक कडेलाच राहतात. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या 'आरण्यक'मधील (१९३९) निवेदक रान वाटून देताना अपराधभावाने व्याकुळ होतो. ही जाणीव आपल्याला अधिक जवळची वाटावी.

कथा असेही सांगते की लोक घरी गेल्यावर रात्री सात बहिणी बांधाचे काम करीत. तलावाभोवतीच्या टेकड्यांना त्यांचेच नाव आहे. स्त्रियांच्या कष्टांना देवत्व देऊन ते दृष्टीआड करण्याची ही रीत जुनीच. दिवसा त्या बांधावर मातीच्या टोपल्या कोणी वाहिल्या, याविषयी कथा मौन पाळते. कादंबरीकाराला तेथून आरंभ करता येईल.