समुद्रावरचे एक्क्याण्णव तास

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगाराने १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळविली. १९१९ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने आठ तासांच्या दिवसाचे तत्त्व उद्योगांसाठी मान्य केले. खलाशाला मात्र त्यातून वगळण्यात आले. त्याचा प्रश्न १९२० च्या जिनोआ परिषदेवर सोपविला गेला आणि तेथे आवश्यक ते दोन-तृतीयांश बहुमत निसटत्या फरकाने हुकले. १९३६, १९४६, १९४९ आणि १९५८ साली पुन्हा करार झाले. परंतु पुरेशा राष्ट्रांनी मान्यता न दिल्याने त्यांपैकी एकही अंमलात आला नाही. समुद्रावरच्या श्रमाला मर्यादा घालण्याचे पाऊणशे वर्षे टळले, ते असे.

२००६ चा सागरी श्रम करार २०१३ साली अंमलात आला आणि २०१५ साली भारतानेही त्याला मान्यता दिली. हा श्रमिकांचा विजय आहे, यात शंका नाही. परंतु विजयाच्या कागदावरील बारीक अक्षरेही वाचावयास हवीत. आठ तासांचा दिवस आणि आठवड्याची सुटी हे तत्त्व करार मान्य करतो. मर्यादा ठरविताना मात्र तो राष्ट्रांपुढे दोन पर्याय ठेवतो. एक तर कामाचे तास आठवड्याला ७२ हून अधिक नसावेत, किंवा विश्रांतीचे तास ७७ हून कमी नसावेत. आठवड्याचे तास १६८. त्यांतून ७७ वजा केले की कामासाठी ९१ उरतात! एकाच कराराच्या दोन वाटांत एकोणीस तासांचे अंतर आहे.

हे अंतर कोणाच्या सोयीचे? अनेक लहान मालवाहू जहाजांवर कप्तान आणि एकच मेट, असे दोघेच आळीपाळीने पहारा देतात : सहा तास काम, सहा तास सुटका. म्हणजे दिवसाला बारा आणि आठवड्याला ८४ तास. बंदरातील माल चढविण्या-उतरविण्याचे काम त्याशिवाय. ७२ तासांच्या मर्यादेत ही व्यवस्था एक आठवडाही चालू शकत नाही. ९१ च्या मर्यादेत ती कायदेशीर ठरते. तिसरा अधिकारी नेमण्याचा खर्च वाचतो, तो नेमका या फटीतून.

जहाज संध्याकाळी सहा वाजता थांबविता येत नाही, वादळ घड्याळ पाहून येत नाही, असे मालकवर्ग सांगतो. पण वादळाचा प्रश्नच नाही. जहाज वा माणसे संकटात असताना हे तास बाजूला ठेवण्याचा आणि नंतर भरपाईची विश्रांती देण्याचा अधिकार करारानेच कप्तानाला दिलेला आहे. प्रश्न आहे तो रोजच्या, शांत समुद्रावरील काटकसरीचा.

त्या काटकसरीची किंमत अखेर सर्वांनाच मोजावी लागते. १९८९ साली अलास्काच्या किनाऱ्यावर ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ फुटले. पुरेसे आणि विश्रांती मिळालेले खलाशी कंपनीने दिले नव्हते, हे अमेरिकी चौकशी मंडळाने अपघाताच्या कारणांत नोंदविले. २०१० साली ‘शेन नेंग १’ हे कोळशाचे जहाज ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळ खडकांवर चढले. त्याच्या मुख्य मेटला आधीच्या साडेअडतीस तासांत अवघी अडीच तास झोप मिळाली होती.

मग विश्रांतीची नोंदवही काय करते? जागतिक सागरी विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात आढळले की, नोंदी नियमात बसतील अशा जुळविल्या जातात आणि याचे मूळ अपुऱ्या मनुष्यबळात आहे. यात खलाशाला खोटारडा ठरविणे सोपे आहे. परंतु खरी नोंद केली तर जहाज अडकेल आणि पुढची नोकरी हातची जाईल, या भीतीने ज्याचा हात चालतो, त्याच्याकडून सत्यनिष्ठेची अपेक्षा करणारी व्यवस्थाच दांभिक आहे.

म्हणून मागणी नोंदवहीच्या नव्या नमुन्याची नसून माणसांची असली पाहिजे. ९१ तासांची पळवाट बंद करून ७२ तासांची मर्यादा सर्व ध्वजांच्या जहाजांना बंधनकारक झाली पाहिजे. जहाजावर किमान किती माणसे हवीत, हे त्या मर्यादेवरून ठरले पाहिजे. बंदरातील तपासनिसाने वही तपासण्याआधी माणसे मोजली पाहिजेत. कोकणातील कित्येक घरांची चूल खलाशाच्या पगारावर पेटते. या घरांचा प्रश्न किनाऱ्यावरच्या कामगार चळवळीने आपला मानला पाहिजे. गिरणी कामगाराने रविवार मिळविला, तो कोणी दिला म्हणून नव्हे; संघटित होऊन मागितला म्हणून.