लोडवर बघायचं, बॉस!

तिशी आली की ऑफिसवाल्यांना एकेक खूळ लागतं. कुणी महागडा कॅमेरा घेतं, कुणी बुलेटवरून लेहला जातं. मी बोट घेतली. दचकू नका! दोन फुटांची, रिमोटवर चालणारी. ईएमआय वगैरे काही नाही.

घरी स्टँडवर ठेवून थ्रॉटल दिला की तिचा पंखा असा भन्नाट फिरायचा, की बायको आतून ओरडायची, ‘मिक्सर बंद कर!’ म्हटलं, चला, आता हिला खरं पाणी दाखवायचं. एप्रिलमधल्या एका शनिवारी बोट डिकीत टाकली आणि थेट कापूरहोळ गाठलं.

कापूरहोळ म्हणजे माझं घर. पुण्याहून सातारा रोडनं निघालात की जिथे नारायणपूरवाले डावीकडे आणि भोरवाले उजवीकडे वळतात, ते. हायवेवर आप्पांचं तीस वर्षं ऑटो-इलेक्ट्रिकचं गॅरेज होतं. गॅरेज आता बंद आहे, पण मागच्या खोलीत वायरी, बल्ब आणि जुन्या बॅटऱ्यांचं म्युझियम तसंच आहे. आप्पाही तसेच. फोनवर तब्येत विचारा, उत्तर ठरलेलं : ‘एकदम ठणठणीत.’

आम्ही दोघं भाटघरच्या बॅकवॉटरला गेलो. बोट सोडली. झकास निघाली! मी फुल थ्रॉटल दिला आणि वीसेक मीटरवर बाईसाहेब गप्प. सुकाणू हलेना, मोटार फिरेना. मिनिटभरानं आपोआप जाग आली, दोन हात पुढे गेली, पुन्हा गप्प. शेवटी वाऱ्याच्या मर्जीनं पाऊण तासानं काठाला लागली. आप्पा तेवढा वेळ काहीच बोलले नाहीत. हे फार वाईट असतं.

‘सिग्नलचा प्रॉब्लेम आहे,’ मी घरी येऊन जाहीर केलं. बॅटरीवर संशय नव्हताच. कारण निघायच्या आधी ती फुल चार्ज केली होती आणि मीटर ८.१ व्होल्ट दाखवत होता. पॅक ७.२ व्होल्टचा, निकेल-मेटल हायड्राइडचे सहा सेल. म्हणजे हवे त्यापेक्षा जास्तच की!

आप्पा हसले. ‘बसल्या बॅटरीला मीटर लावून काय कळतंय? ट्रकची बॅटरीबी उभ्या गाडीत साडेबारा दाखवती. सेल्फ मारला की कळतं काय ती.’

पॅक पुन्हा चार्ज केला. मग त्यांनी म्युझियममधून हेडलाइटचा बल्ब काढला, बारा व्होल्ट पंचावन्न वॅटवाला, आणि पॅकच्या दोन टोकांना जोडला. मीटर लावूनच ठेवला होता. ८.१ चे बघता बघता ५.६ झाले! बल्ब पिवळा पडला, मीही. मग त्यांनी पॅकचं प्लॅस्टिक हळूच कापलं आणि बल्ब चालू असतानाच एकेक सेल मोजला. पाच सेल १.१ च्या आसपास. सहावा ०.१. एक सेल झोपलेला, आणि बाकीचे पाच त्याचं ओझं ओढतायत. (आमच्या प्रोजेक्ट टीमची आठवण झाली, पण ते असो.)

मग कोडं सुटलं. स्पीड कंट्रोलर याच बॅटरीतून रिसीव्हरला आणि सुकाणूच्या सर्व्होला पाच व्होल्ट काढून देतो. मोटारीनं जोरात करंट ओढला की बॅटरी खाली बसते, रिसीव्हरला पाच व्होल्ट मिळेनात की तो बेशुद्ध. मोटार थांबली की व्होल्टेज वर येतं, रिसीव्हर शुद्धीवर. बघणाऱ्याला वाटतं, रेंज गेली. आणि घरी का चालत होती? कारण हवेत पंख्याला काही कामच नसतं. पाणी कापायला लागलं की खरा करंट लागतो.

गंमत म्हणजे हे दुखणं या खेळाइतकंच जुनं असणार. निकोला टेस्लानं १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओवर चालणारी बोट लोकांना दाखवली, तीही पोटातल्या बॅटरीवरच चालत होती.

तुमच्याकडेही असं खूळ असेल तर आप्पांचा क्रम लिहून घ्या. आधी बॅटरी काढून पंखा हातानं फिरवा. शाफ्टला शेवाळ किंवा गळाची दोरी गुंडाळली असेल तर मोटार दुप्पट दमते. मग कनेक्टर बघा. माझ्या कनेक्टरवर पाण्यानं हिरवट थर आला होता. चालवल्यावर कनेक्टर गरम लागला, तर व्होल्ट तिथेच जळतायत समजा. मग बॅटरी, पण लोडवर. आणि रिसीव्हरला शेवटी शिव्या द्या.

तुमचा पॅक लिथियम-पॉलिमर असेल तर जरा जपून. एका सेलचं फुल चार्ज ४.२ व्होल्ट, आणि ३ च्या खाली तो कधीच जाऊ द्यायचा नाही. ठेवून द्यायचा असेल तर ३.८ च्या आसपास ठेवा. फुगलेला पॅक चार्जिंगला लावायचा नाही म्हणजे नाही, आणि चांगला पॅकही चार्जिंगला लावून झोपायचं नाही. आग लागते, बॉस.

पुढच्या शनिवारी नवा पॅक घेऊन गेलो. आधी बल्बची परीक्षा : ७.१ वर ठाम. कनेक्टर बदलला. भाटघरला बोट बारा मिनिटं न थांबता पळाली. आप्पांनी रिमोट हातात घेतला तो परत दिलाच नाही.

उन्हाळ्यात पाणी बरंच खाली गेलेलं असतं. वर गाडीपर्यंत चांगलाच चढ. बोट माझ्या हातात, आप्पांच्या हातात फक्त रिमोट. तरी ते तीनदा थांबले. तिसऱ्यांदा छातीवर हात ठेवून.

‘आप्पा, काय होतंय?’

‘काही नाही रे. ऊन हाय. दिवाळीत ईसीजी काढला की, नॉर्मल आला.’

‘झोपवून काढला ना?’

‘मग काय पळवत काढतात?’

‘हो,’ मी म्हणालो. ‘पळवतही काढतात.’

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली पाण्याकडे बघितलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या बॅटऱ्या तपासलेल्या माणसाला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती. उरलेला चढ आम्ही अगदी सावकाश चढलो. मी मुद्दाम दोनदा बुटाची लेस बांधली.

सोमवारी पुण्यात हार्टच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी तपासलं, सगळं विचारलं आणि बुधवारी स्ट्रेस टेस्ट ठेवलीय. डेडलाइन आहे, बॉस कुरकुरला, तरी मी रजा टाकलीय. काल रात्री आप्पांचा फोन आला. तब्येतीचं मी विचारलं नाही, त्यांनीच विचारलं, ‘त्या पट्ट्यावर चालायला बूट लागत्यात का रे?’

म्हटलं, ‘माझे आणतो.’